सुट्या १८६५० सेलची जुळवणी: आधी टॉर्च, मग सेल, मग चार्जर

टॉर्च किंवा हेडलॅम्पसाठी सुटा लिथियम-आयन सेल घेताना बहुतेक लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात. ज्याच्यावर एमएएचचा (क्षमतेचा) सगळ्यात मोठा आकडा, तो सेल आधी मागवायचा, मग तो नळीत बसतो का ते बघायचं आणि चार्जरचा विचार सेल उतरल्यावर करायचा. मग टॉर्च पूर्ण उजेडावर दोन सेकंदांत बंद पडतो, टेलकॅप (मागचं झाकण) शेवटपर्यंत आवळलाच जात नाही, नाहीतर सेल चार्जरमध्ये तापतो. अशा वेळी सेल ‘खराब निघाला’ म्हणून बोंब होते. बऱ्याचदा सेल ठीक असतो, जुळणी चुकलेली असते.

खालचा क्रम त्यासाठी आहे. ज्या उपकरणातून सेल काढता-घालता येतो, त्या सगळ्यांना तो लागू पडतो: टॉर्च, हेडलॅम्प, सायकलचा दिवा, हातातला छोटा पंखा. सेल आत कायमचा जोडलेला असेल, तर तो उघडायच्या भानगडीत पडू नका.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. हे सेल मुळात लॅपटॉप, अवजारं वगैरेंच्या पॅकमध्ये, संरक्षक सर्किटच्या पहाऱ्यात वापरण्यासाठी बनतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल घेऊ आणि वापरू नका, असा इशाराच दिला होता. त्यामुळे उपकरण बनवणाऱ्याने सुट्या सेलसाठीच ते बनवलं असेल आणि माहितीपत्रकात तसं लिहिलं असेल, तरच पुढे जा.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, मिलिमीटरची पट्टी (कॅलिपर असेल तर उत्तम), सेल ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डब्या आणि एक परमनंट मार्कर. मल्टिमीटर साधा चालेल, पण तो नाही म्हणून अंदाजाने काम करू नका. पुढची निम्मी तपासणी त्यावरच आहे.

## १. उपकरणाला काय लागतं ते आधी काढा

माहितीपत्रकात चार गोष्टी शोधा: सेलचा आकार, सेल किती, चालणारं व्होल्टेज (उदाहरणार्थ २.८ ते ४.२ व्होल्ट) आणि सेलने किमान किती अँपिअर द्यायला हवेत. चौथी गोष्ट बऱ्याचदा लिहिलेली नसते. ती काढता येते.

एलईडी टॉर्चमध्ये १०० ल्युमेनला साधारण १ वॅट धरा. म्हणजे १००० ल्युमेनचा टॉर्च सुमारे १० वॅट खातो. सेलचं व्होल्टेज धरताना ३.७ धरू नका, ३.० धरा. उजेड कायम ठेवणारे ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारी सर्किट) व्होल्टेज उतरलं की तेवढीच वॅट मिळवायला जास्त करंट ओढतात, त्यामुळे सगळ्यात जास्त ताण सेल संपत आल्यावर येतो. ड्रायव्हरमध्ये जवळपास १० टक्के वाया जातात. हिशेब असा:

करंट = वॅट ÷ (३.० × ०.९)

१० वॅटला ३.७ अँपिअर निघतात, कुठलाही चांगला सेल ते देईल. एका सेलवर चालणारा ४००० ल्युमेनचा टॉर्च मात्र ४० वॅट खाईल, म्हणजे जवळजवळ १५ अँपिअर. इथे निवड एकदम अवघड होते, आणि नवशिके फसतात ते इथेच. खोक्यावरचे ल्युमेन फुगवलेले असतील, तर हिशेबही फुगेल. ते चालेल, चूक सुरक्षित बाजूला होते.

तपासणी: आकार, सेलची संख्या, व्होल्टेजची मर्यादा आणि लागणारा करंट हे चारही आकडे कागदावर आले का? नसतील तर सेल मागवू नका.

## २. आकार आणि टोक

१८६५० मध्ये १८ म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, ६५ म्हणजे लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडी आकार. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो लांबीच्या शेवटच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये.

साधा, वरून सपाट असलेला (फ्लॅट टॉप) १८६५० सेल ६५ मिलिमीटरच्या आसपास भरतो. प्लस टोकाला उंचवटा असलेला (बटन टॉप) दीड-दोन मिलिमीटर लांब असतो. प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी, म्हणजे मायनस टोकाला, छोटं गोल संरक्षक सर्किट बसवलेलं असतं, त्यामुळे तो ६८ ते ७० मिलिमीटरपर्यंत जातो. सेलवरच यूएसबी पोर्ट असेल तर तोही या लांब गटातला.

आता उपकरण बघा. दोन्ही टोकांना स्प्रिंग असेल तर बहुतेक सगळ्या लांबी बसतात. प्लस बाजूला स्प्रिंगऐवजी खोलगट प्लॅस्टिकचं कडं असेल, तर ते उलटा सेल टेकू नये म्हणून मुद्दाम दिलेलं असतं. अशा टॉर्चला फ्लॅट टॉप सेल टेकतच नाही, बटन टॉपच लागतो.

सावधान: फ्लॅट टॉप टेकत नाही म्हणून वर छोटं लोहचुंबक ठेवायची युक्ती अनेक ठिकाणी सुचवली जाते. करू नका. टॉर्च हातातून पडला की चुंबक सरकतं. प्लस टोकाच्या शेजारची कड मायनस असते आणि दोघांमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं अंतर असतं. चुंबक त्या दोघांवर टेकलं की थेट शॉर्ट. टोकावर शिशाचा ठिपका डाग देऊन उंचवटा करणंही तितकंच वाईट, कारण त्या उष्णतेने आतलं सील बिघडतं.

आकार जुळला म्हणजे व्होल्टेज जुळलं, असं नाही. १४५०० सेल नेहमीच्या एए सेलच्या जागी अगदी नेमका बसतो, पण एए १.५ व्होल्टचा आणि हा भरल्यावर ४.२ व्होल्टचा. फक्त एए साठी बनवलेलं उपकरण जळेल. १६३४० ची गतही तीच: तो ३ व्होल्टच्या सीआर१२३ए च्या जागी बसतो, आणि दोन लावले की ६ व्होल्टच्या जागी ८.४ व्होल्ट जातात. दोन सीआर१२३ए वर चालणाऱ्या टॉर्चमध्ये एक १८६५० चालेलच असंही नाही. व्यास पुरतो का आणि ड्रायव्हर ३ व्होल्टपर्यंत खाली उतरतो का, हे दोन्ही बघावं लागतं.

काही कंपन्यांच्या सेलला प्लस आणि मायनस दोन्ही एकाच टोकाला असतात. असा टॉर्च घेतला असेल तर सेल त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

## ३. सेल निवडताना: आधी अँपिअर, मग एमएएच

सेल किती करंट न थांबता देऊ शकतो, याला सीडीआर म्हणतात. एकाच आकाराच्या सेलमध्ये क्षमता आणि करंट एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. जास्त करंट द्यायचा तर आतल्या पट्ट्यांवरचा थर पातळ ठेवावा लागतो, म्हणजे ऊर्जा साठवायला साहित्य कमी उरतं. म्हणून:

- सॅमसंग २५आर: २५०० एमएएच, २० अँपिअर
- एलजी एचजी२: ३००० एमएएच, २० अँपिअर
- सॅमसंग ३५ई: ३५०० एमएएच, ८ अँपिअर

वरच्या १५ अँपिअरच्या टॉर्चमध्ये ३५ई टाकला तर काय होईल? प्रोटेक्टेड असेल तर सर्किट तोडेल आणि टॉर्च झटकन विझेल. संरक्षण नसेल तर व्होल्टेज कोसळेल, सेल तापेल आणि लवकर मरेल. उलट ३०० ल्युमेनच्या हेडलॅम्पमध्ये २५आर घालणं म्हणजे कारण नसताना हजार एमएएच सोडून देणं.

नियम साधा आहे. पहिल्या टप्प्यात आलेल्या करंटपेक्षा सीडीआर किमान २० टक्के जास्त असलेले सेल बाजूला काढा. त्यातून सगळ्यात जास्त क्षमतेचा घ्या.

वेष्टनावर ठळक छापलेला ‘३५ अँपिअर’ कधीकधी काही सेकंदांपुरता असतो. सीडीआर म्हणून तो धरायचा नाही. मूळ उत्पादकाच्या डेटाशीटमधला सततचा आकडाच खरा.

आणि ९८०० एमएएच लिहिलेला १८६५०? असा सेल नसतो. या आकारात सर्रास मिळणाऱ्या अस्सल सेलची धाव ३५०० एमएएचच्या आसपास संपते, २१७०० ची ५००० च्या आसपास. आकडा याच्या दुप्पट-तिप्पट दिसला, तर आत बहुधा जुन्या पॅकमधून काढलेला सेल नवं वेष्टन चढवून बसलेला असतो.

प्रोटेक्टेड की साधा? पहिला सेल असेल आणि करंट ७-८ अँपिअरच्या आत असेल, तर प्रोटेक्टेडच घ्या. जास्त करंटच्या टॉर्चमध्ये तो मधेच तोडू शकतो. तिथे साधा सेल लागला, तर टॉर्चमध्ये कमी व्होल्टेजला आपोआप बंद होण्याची आणि उलट्या सेलपासून बचावाची सोय आहे याची खात्री हवी. दोन्हीपैकी एक नसेल, तर तो टॉर्च नवशिक्यासाठी नाही.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) केमिस्ट्रीचे सेलही याच आकारात मिळतात. त्यांचं व्होल्टेज ३.२ आणि भरल्यावर ३.६५ असतं. टॉर्चला ते चालतात की नाही हा पुढचा प्रश्न, पण ते ४.२ व्होल्टच्या चार्जरमध्ये चुकून गेले तर ओव्हरचार्ज होतात. घरात दोन्ही प्रकार एकत्र नकोत.

## ४. आलेला सेल लगेच लावू नका

वजन. अस्सल १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ४० च्या खाली असेल तर परत पाठवा.

वेष्टन. बाहेरचं रंगीत प्लॅस्टिक शोभेचं नसतं. त्याखालचा सबंध धातूचा डबा, अगदी प्लस टोकाच्या कडेपर्यंत, मायनसला जोडलेला असतो. सेल उजेडात धरून वरच्या कडेभोवती बोट फिरवा. तिथे पांढरी किंवा रंगीत इन्सुलेशनची चकती दिसली पाहिजे आणि वेष्टन तिच्यावर दुमडलेलं हवं. कडेला नखाएवढी जरी चीर असली, तरी त्या जागी टॉर्चचा धातू टेकला की शॉर्ट होतो. मधल्या भागातली चीर त्या मानाने कमी धोक्याची, तरी सेल वापरायचा नाहीच.

फाटलेलं वेष्टन बदलता येतं: जुनं काढा, चकती जागेवर ठेवा, योग्य मापाची हीट-श्रिंक नळी चढवा आणि केस वाळवण्याच्या ड्रायरने सगळीकडून सारखी आवळा. सोलताना धारदार पातं डब्याला लावू नका आणि प्रोटेक्टेड सेल सोलू नका, कारण त्याच्या अंगावरून सर्किटची बारीक पट्टी गेलेली असते. चिकटपट्टी लावणं हा उपाय नाही. ती सुटते आणि सेल नळीत जाड होऊन अडकतो.

व्होल्टेज. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं बुडाला. मोजताना दोन्ही टोकं एकमेकांना आणि प्लसच्या कडेला लागू देऊ नका. नवा सेल साधारण ३.४ ते ३.७ व्होल्ट दाखवतो, कारण तो अर्धवट भरूनच पाठवतात. २.५ च्या खाली असेल तर परत करा. शून्य दाखवणाऱ्या प्रोटेक्टेड सेलचं कदाचित फक्त सर्किट तुटलेलं असेल, आणि चार्जरवर ठेवताच ते जागं होतं. मिनिटभरात तो नीट ३ व्होल्टच्या वर आला नाही, तर तोही परत.

लांबी. पट्टीने मोजा आणि दुसऱ्या टप्प्याशी ताडून बघा. सेल नळीत जोर लावून घालावा लागत असेल, तर तो त्या नळीचा नाही.

## ५. चार्जर आणि पहिलं चार्जिंग

चार्जर लिथियम-आयनचाच हवा. तो आधी ठरावीक करंट देतो आणि व्होल्टेज ४.२० ला पोहोचलं की तेच धरून करंट हळूहळू कमी करत आणतो. निकेल सेलच्या चार्जरला हे जमत नाही. प्रत्येक खाचेवर व्होल्टेज दाखवणारा आणि करंट निवडू देणारा चार्जर घ्या.

करंट किती ठेवायचा? एमएएचच्या निम्म्याच्या आत. ३००० एमएएचला १.५ अँपिअर ही मर्यादा झाली, पण १ अँपिअर ठेवणं बरं. पूर्ण भरायला साडेतीन-चार तास लागतात. १४५०० सारख्या छोट्या सेलला ०.५ अँपिअरच्या आतच राहा. चार्जरने बाकीच्या खाचा रिकाम्या बघून आपोआप २ अँपिअर निवडले असतील, तर ते बदला. हा झटका बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

1. चार्जर कापड, लाकूड, कागद यांपासून दूर, फरशीवर किंवा धातूच्या ताटावर ठेवा.
2. आधी चार्जरला वीज द्या, मग प्लस-मायनस बघून सेल बसवा.
3. दहा मिनिटांनी सेलला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल, तर चार्जरचा प्लग काढा.
4. चार्जिंग संपल्याचा इशारा आला की लगेच सेल काढून व्होल्टेज मोजा.

तपासणी: ४.१५ ते ४.२२ यायला हवं. ४.२५ च्या वर आलं तर दोष चार्जरचा आहे. तो बाद करा, कमी दराच्या खाचेत चालवून बघू नका.

चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा आहे. थंडीतून आणलेला सेल गोठणबिंदूच्या खाली असताना चार्ज केला, तर आत धातूरूप लिथियमचा थर जमतो. तो परत जात नाही आणि पुढे आतल्या आत शॉर्टचं कारण होतो. सेल खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रात्रभर किंवा घराबाहेर असताना चार्जिंग लावून ठेवणं टाळा.

पहिल्या चार्जिंगनंतर सेल डबीत ठेवून तासाभराने आणि दोन आठवड्यांनी व्होल्टेज लिहून घ्या. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घसरण झाली असेल, तर सेल आतून गळतोय. ही चाचणी फुकट आहे आणि जवळपास कुणी करत नाही.

## ६. सेल बसवणं

टॉर्चमध्ये प्लस बहुधा डोक्याकडे असतं, पण काही मॉडेलमध्ये उलट. नळीवरची खूण बघा. टेलकॅपच्या आट्या कोरड्या कापडाने पुसा, कारण करंट तिथूनच जातो. पहिल्यांदा कमी उजेडावर लावा, मग पूर्ण उजेडावर अर्धा मिनिट. टॉर्च गरम होणं नैसर्गिक आहे, ती एलईडीची उष्णता असते. म्हणून लगेच सेल बाहेर काढून त्याला हात लावून बघा: सेल स्वतः चटका देण्याइतका तापत असेल, तर तिसऱ्या टप्प्याचा हिशेब पुन्हा करा.

## ७. दोन किंवा जास्त सेल लागत असतील तर

शक्य असेल तर पहिलं उपकरण एका सेलचंच घ्या. तरीही दोन लागत असतील, तर ते एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले आणि कायम एकत्र वापरलेले हवेत. मार्करने ‘१-अ’, ‘१-ब’ आणि तारीख लिहा. चार्ज एकत्र, वापर एकत्र, बादही एकत्र. बसवण्याआधी दोन्ही मोजा, फरक ०.०५ व्होल्टच्या आत हवा.

एकामागे एक लावलेल्या सेलमध्ये कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्यातून करंट ढकलत राहतो. रिकामा सेल उलटा चार्ज होऊ लागतो. प्रखर टॉर्चमध्ये आग लागण्याच्या प्रकारांतला हा एक ठरलेला मार्ग आहे.

शेजारी-शेजारी (पॅरलल) जोडणीत धोका बसवतानाच असतो. एक सेल ४.२ चा, दुसरा ३.४ चा, आणि वाटेतला एकूण रोध ०.०८ ओहम धरला, तर ०.८ ÷ ०.०८ म्हणजे १० अँपिअर भरलेल्यातून रिकाम्यात धावतात. त्यांना अडवणारा चार्जर मधे नसतो. एक सेल उलटा बसला तर ८ व्होल्ट त्याच ०.०८ ओहमवर येतात: शंभर अँपिअर. बटण दाबलेलंही नसतं.

सावधान: अशा होल्डरमध्ये प्रत्येक सेल बसवल्यावर खूण पुन्हा बघा. सगळे बसवून शेवटी एकदा नजर टाकणं उपयोगाचं नाही.

## ८. रोजचा वापर आणि साठवण

उजेड मंदावला किंवा दिवा लुकलुकला की थांबा. सेल ३.० व्होल्टला चार्जिंगला लावायचा, २.५ ही शेवटची हद्द. त्याच्या फार खाली बराच काळ राहिला, तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो आणि पुढच्या चार्जिंगला भलत्याच जागी जमतो. म्हणून २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल काही चार्जर ‘जिवंत’ करून देतात, तरी तो घ्यायचा नाही.

इलेक्ट्रॉनिक बटणाचे टॉर्च बंद असतानाही थोडा करंट खातात. बॅगेत टाकताना टेलकॅप पाव फेरा सैल करा. आट्यांवर अॅनोडायझिंग (वीज अडवणारा थर) असेल तर जोडणी तुटते आणि टॉर्च चुकून पेटतही नाही. पाव फेऱ्यानंतर बटण दाबून बघा, पेटला तर आणखी सैल करा किंवा सेल काढून ठेवा.

सुटा सेल खिशात कधीच नाही. किल्ली किंवा नाणं प्लस टोक आणि कड यांमध्ये टेकायला वेळ लागत नाही. विमानात सुटे सेल डबीत घालून हातातल्या सामानातच न्यावे लागतात. उन्हात उभ्या गाडीत सेल ठेवू नका.

महिनाभर वापर नसेल तर ३.६ ते ३.७ व्होल्टवर, थंड कोरड्या जागी ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी मोजा. पूर्ण भरून ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो.

## ९. बाद करणं आणि आणीबाणी

पोचा पडलेला, फुगलेला, गळणारा, पाण्यात बुडालेला, नेहमीच्या करंटवर पूर्वीपेक्षा जास्त तापणारा किंवा क्षमता मूळच्या ७०-८० टक्क्यांखाली गेलेला सेल बाद. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात टाकला तर कचरागाडीत चेपून पेटतो. मिठाच्या पाण्यात बुडवून ‘निकामी’ करायची पद्धत भरवशाची नाही. टोकं गंजतात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो.

चार्जरमध्ये सेल भलताच तापला तर आधी भिंतीवरचा प्लग काढा, सेलला हात लावू नका. सुस्कारा, गोडसर रासायनिक वास किंवा धूर आला तर लोकांना खोलीबाहेर काढा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. टॉर्चच्या आतून आवाज येत असेल तर तो उघडायला जाऊ नका. बंद धातूची नळी दाबाने फुटते आणि टेलकॅप गोळीसारखा उडतो. तो हातात असेल तर माणसांपासून लांब, उघड्यावर टाका आणि मागे व्हा.

पेट घेतलाच तर अग्निशमन दलाला फोन करा. आग छोटी असेल आणि चार्जरची वीज तोडलेली असेल, तर लांबूनच भरपूर पाणी मारा. इथे पाण्याचं काम सेल थंड करणं आहे, त्यामुळे ज्वाळा विझल्यावरही मारत राहा. विझलेला सेल काही तासांनी पुन्हा भडकू शकतो. तो घरात आणू नका, उघड्यावर, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर राहू द्या.